पंचवटीतले नाना आणि आमचे ५४ हजार : एका इस्टेट एजंटचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे, विषय घर घेण्याचा आहे, वडापावचा नाही. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी खाली जा, पाचपैकी चार दिलेत, एक का कापला तेही तिथेच लिहिलंय.

आम्ही नाशिकमध्ये रिसेलचा टू बीएचके घेतला, मखमलाबाद रोडच्या बाजूला, ५४ लाखाला. घर मी, नवरा, सासू-सासरे आणि दहावीतली मुलगी अशा पाच जणांसाठी. आधी इंदिरानगरला भाड्याने राहायचो. ज्यांच्यामार्फत घर घेतलं त्यांना पंचवटीत सगळे नाना म्हणतात, पूर्ण नाव लिहीत नाही, त्यांनीच सांगितलंय ताई नाव नका टाकू, फोन उचलायला माणूस नाही माझ्याकडे. आणि ते खरंच आहे. एक छोटा गाळा, त्यात एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पालिकेचा नकाशा आणि कोपऱ्यात गणपती मंडळाचे दोन ढोल. पहिल्यांदा गेलो तर नवरा म्हणाला चुकीच्या ठिकाणी आलो बहुतेक, हे पथकाचं ऑफिस दिसतंय.

नानांच्या आधी आम्ही जे एजंट बघितले त्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर नानांचं एवढं कौतुक का ते कळणार नाही. सगळ्यांचं एकच गाणं, कुंभमेळा. "मॅडम सिंहस्थ आलाय, आत्ता घेऊन टाका, २०२७ नंतर हात लावता येणार नाही." दुसरं गाणं समृद्धी महामार्ग. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी पूर्ण सुरू झाला आणि तेव्हापासून पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत कुठलाही फ्लॅट असू दे, तो "समृद्धीला टच" आहे. एकाने तर ज्या बिल्डिंगला लिफ्टच अजून बसवलेली नव्हती तिथे उभं राहून मला सांगितलं की मॅडम इथून मुंबई हाकेच्या अंतरावर. अहो, मुंबईचं सोडा, आधी मला चौथ्या मजल्यावर पोचवा, सासूबाईंचे गुडघे बघा.

त्यांच्यातला एकही जण कधी उलटा प्रश्न विचारायचा नाही. बजेट किती आणि लोन होईल ना, बस. नानांनी पहिल्या भेटीत बजेट विचारलंच नाही. विचारलं की साहेबांची कंपनी कुठे, अंबड. मुलीची शाळा कुठे. काकू जिना चढतात का. आणि काका सकाळी फिरायला कुठे जातात. सासरे म्हणाले आम्ही मूळचे गावातले, मला रोज नाही पण एक दिवसाआड तरी काळारामाला आणि रामकुंडावर जाता आलं पाहिजे. झालं, नानांनी तिथेच नकाशावर बोट ठेवून अर्धं नाशिक कापून टाकलं. पाथर्डी फाटा नाही, नाशिकरोड नाही. नवऱ्याचं तोंड पडलं, त्याला अंबडच्या जवळ हवं होतं. नाना त्याला म्हणाले, "साहेब, अंबडला तुम्ही एकटेच जाणार, घरात बाकी चार माणसं आहेत. पण तुमचा रस्ता मी बघून देतो." आणि खरंच बघून दिला, द्वारकाच्या जॅममध्ये जायचंच नाही, चोपडा लॉन्सच्या पुलावरून गंगापूर रोडला निघायचं आणि तिथून पुढे सातपूरच्या अंगाने अंबड. नुसतं तोंडी नाही सांगितलं, शिफ्टच्या वेळेला नवऱ्याला स्वतःच्या मागे बाईकवर यायला लावलं. आता हे कोण करतं?

नाना काय आहेत ते कळायला त्यांचे उद्योग कळले पाहिजेत. पन्नाशी पार केलेला माणूस, रोज पहाटे सायकल. नाशिकमध्ये सायकलचं वेड आहे हे नाशिककरांना सांगायला नको, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हापासून तर गल्लीगल्लीत हेल्मेटवाले काका तयार झाले. नाना त्यातलेच. रविवारी त्र्यंबक नाहीतर गंगापूर धरण, आषाढीच्या आधी ग्रुपबरोबर पंढरपूरची सायकल वारी, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, ती मात्र पायी. बाकीचे दिवस पहाटे साडेपाचला निघून म्हसरूळ, हिरावाडी, अमृतधाम, मखमलाबाद, हनुमानवाडी असा सगळा पट्टा फिरून येतात.

मला आधी वाटलं असेल छंद, आपल्याला काय त्याचं. पण एका बिल्डिंगबद्दल मी विचारलं, फोटो मस्त होते, रेटही बसत होता, तर म्हणाले तिथे नको ताई, तिथे एप्रिल-मेमध्ये पहाटे टँकर लागलेला असतो. म्हटलं तुम्हाला कसं माहीत, मालक तर म्हणतोय चोवीस तास पाणी. "ताई टँकर दिवसा कोण बोलावतो? कोणी बघायला येणार असतं ना दिवसा. पहाटे येतो, टाकी भरतो, जातो. मी सायकलवर असतो, मला रस्ता ओला दिसतो." हे ऐकून मी गप्पच झाले. गंगापूर धरण उशाला आणि तरी टँकर, आणि तो टँकर फक्त सायकलवाल्यालाच दिसणार. घंटागाडी कुठल्या गल्लीत येते आणि कुठे कोपऱ्यावरच थांबते, कुत्री कुठे जास्त आहेत, कुठल्या लॉन्सचा डीजे लग्नसराईत कुठल्या बिल्डिंगच्या बेडरूममध्ये ऐकू येतो, सगळं तोंडपाठ. मखमलाबाद रोड, गंगापूर रोड पट्ट्यात राहणाऱ्यांना लॉन्स म्हणजे काय प्रकरण आहे ते माहितीये. आमची मुलगी दहावीला, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे थेट हायकमांडपर्यंत गेला होता.

आता तो नासर्डीकाठचा किस्सा. नासर्डीला आता नंदिनी म्हणायचं, पण तोंडात नासर्डीच बसलंय. तिकडे एक फ्लॅट आला, मी स्वतः शोधलेला, नानांचा नाही. पहिला मजला, कोपऱ्याचा, दोन्हीकडून हवा, आणि आसपासच्या भावापेक्षा पाच-सहा लाख कमी. मालक घाईत, मुलाकडे बेंगळुरूला जायचंय म्हणे. मी नवऱ्याला म्हटलं टोकन देऊन टाकू. नवरा म्हणाला नानांना एकदा दाखवू. नाना आले, फ्लॅट वर आहे तरी वर गेलेच नाहीत, पार्किंगमध्येच थांबले आणि लाईटच्या मीटरकडे बघत बसले. मला वाटलं मीटर मोजतायत. मग मला म्हणाले, "ताई, हात लावा बरं मीटरला." मी हात वर केला, पोचत नव्हता. नवऱ्याचाही जेमतेम. खाली भिंतीवर जुन्या बोर्डाच्या स्क्रूची भोकं सिमेंटने बुजवलेली, नीट बघितलं तरच दिसणारी, वरून रंग मारलेला. "कोण लावतं एवढ्या उंच मीटर? ज्याचा एकदा भिजलाय तोच."

मग बाहेर आलो, समोर इस्त्रीवाला होता, नानांनी त्याला दोन मिनिटं हवापाण्याचं विचारलं, धंदा कसा, गावाकडे पाऊस कसा, आणि मग हळूच, काय हो २०१९ ला तुमची टपरी कुठे होती. तो हसला आणि म्हणाला टपरी कुठली, पुढच्या वळणावर जाऊन सापडली. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते आपण सगळे मोबाईलवर बघत होतो, पण गावातल्या बाकी नद्या-नाल्यांकडे कोण बघतं. नानांनी मग गाळ्यावर नेऊन नकाशावर निळी आणि लाल पूररेषा दाखवली. निळीच्या आत बांधायला बंदी, निळी आणि लालच्या मधे अटी घालून परवानगी. ती बिल्डिंग मधल्या पट्ट्यात. म्हणजे बेकायदेशीर काहीच नाही, परवानगी आहे, कागद स्वच्छ, फक्त पार्किंगमध्ये आपली गाडी कुठल्या तरी जुलै-ऑगस्टमध्ये पोहायला शिकणार. मला म्हणाले घ्यायचं तर घ्या, पहिल्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण मग रेट अजून पाडा आणि गाडीचा इन्शुरन्स चुकवू नका. आम्ही नाही घेतला. आणि लक्षात घ्या, हा फ्लॅट मी आणलेला, त्याच्यावर ते ब्रोकरेज मागू शकले असते, होऊ द्यायचा होता ना व्यवहार. उलट पेट्रोल जाळून आले आणि मोडून गेले.

नवीन स्कीम बघायची वेळ आली तेव्हा आधी महारेराची, म्हणजे घरांच्या प्रोजेक्टवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची साईट उघडून दिली. प्रोजेक्टचा नंबर पी ने सुरू होतो, एजंटचा ए ने, जाहिरातीत नंबर नसेल तर पुढचं बोलणंच नाही. साईटवर पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते दिसतं, कोर्टकेस असेल तर तेही दिसतं, कार्पेट एरिया दिसतो. हे फुकट आहे आणि तरी कोणी बघत नाही, सगळे सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघतात. एका ठिकाणी सेल्सवाला पोरगा २० टक्के भरा मग अ‍ॅग्रीमेंट करू म्हणाला, तर नाना शांतपणे म्हणाले बाळा, १० टक्क्यांच्या वर घ्यायचं तर आधी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करावं लागतं, कायदा वाचून ये. पोरगं चहा सांगायला आत गेलं ते आलंच नाही. नानांचं स्वतःचं रेराचं रजिस्ट्रेशन भिंतीवर आहे, आणि २०२३ मध्ये एजंटांना परीक्षा सक्तीची झाली तेव्हा या वयात अभ्यास करून ती दिली. त्यांची मुलगी त्यांचे प्रश्न घ्यायची म्हणे. सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलंय, कोणी विचारलं नाही तरी दाखवतात.

खिशात मेजरिंग टेप कायम. ९५० स्क्वेअर फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आतून मोजला की ६०० च्या आसपास निघतो हे मी डोळ्यांनी बघितलं. रिसेलवाले सगळे अजून सुपर बिल्टअपमध्येच बोलतात, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आलं, भाव मात्र आपण बेडरूमचा द्यायचा.

आम्हाला शेवटी जे घर मिळालं ते कुठल्याही अ‍ॅपवर नव्हतं. ते वसंत व्याख्यानमालेत मिळालं, हसू नका. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंत महाराज पटांगणावर व्याख्यानमाला असते, शंभर वर्षांची परंपरा आहे, नाना तिथे दरवर्षी हजर. सावानाचे मेंबर पण आहेत, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० चं, आणि पुस्तक वेळेवर परत करतात हे मी त्यांच्या गाळ्यावरच्या वहीत बघितलंय, व्यवहाराच्या तारखांच्या मधे पुस्तक परत करायची तारीख लिहिलेली असते. तर व्याख्यान ऐकायला शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ बसायचे, बायको गेल्यावर मुलीकडे पुण्याला जायचं ठरवत होते, पण जाहिरात द्यायची नव्हती, रोज घरात अनोळखी माणसं नकोत. नानांना म्हणाले कोणी घरातली माणसं असतील तर सांगा. तिसरा मजला, लिफ्ट, स्टिल्ट पार्किंग, बिल्डिंगला भोगवटा दाखला, सोसायटी रजिस्टर्ड. या काकांनी, म्हणजे घरमालकांनी, माझ्या सासऱ्यांना बघितलं आणि दोघं जुन्या नाशिकवर सुरू झाले, कुठला वाडा कुठे होता, तांबट लेनमध्ये कोण राहायचं. आम्ही फ्लॅट बघितला, ते दोघं हॉलमध्येच बसून होते. भावाची बोलणी नानांनीच केली, ५७ वरून ५४ वर, आणि त्यात ना त्यांचा आवाज चढला ना आमचा.

पण नाना सगळ्यात कामाला आले ते कागदात. वकील तुमचा तुम्ही आणा म्हणाले, माझा वकील घेतलात तर उद्या तुम्हालाच वाटेल आम्ही एकच आहोत. वकिलाने ३० वर्षांचा सर्च घेतला. नानांनी त्याआधीच काकांकडून बिल्डरपासूनची सगळी अ‍ॅग्रीमेंटची चेन, इंडेक्स टू म्हणजे रजिस्ट्रीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, सोसायटीची एनओसी अशी फाईल लावून घेतली होती. काकांचं लोन फार पूर्वीच फिटलेलं, पण बँकेचं लोन बंद झाल्याचं पत्र सापडत नव्हतं. काका म्हणत होते अहो फिटलंय म्हणजे फिटलंय. नाना त्यांना स्कूटरवर घेऊन बँकेत गेले आणि पत्र घेऊनच आले, कारण ते नसतं तर आमच्या बँकेने आमचं लोन अडवलं असतं. आमच्या बँकेतल्या माणसापेक्षा नानांना बँकेला काय लागणार ते जास्त माहीत होतं.

आणि आता ५४ हजार. हा आकडा आमच्या घरात आता शिवीसारखा वापरला जातो. पहिले ५४ हजार वाचले. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, २०२१ पासून, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. ५४ लाखाचा १ टक्का किती, करा हिशोब. नाना नवऱ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, प्रेम असेल तर ५४ हजार वाचतील." नवरा म्हणाला प्रेम आहे, पण विचार करून सांगतो. लगेच नानांनी दुसरी बाजूही सांगितली, की मालक नसाल तर लोनचं व्याज तुम्हाला तुमच्या रिटर्नमध्ये दाखवता येणार नाही, सीएला विचारा आणि मग ठरवा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. माझी नोकरी आहे, हप्ता माझ्याच पगारातून जाणार होता, त्यामुळे घर माझ्या नावावर झालं. सासूबाईंनी हे सगळ्या भिशीत सांगितलं. सुनेचं कौतुक की ५४ हजारांचं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरे ५४ हजार म्हणजे टीडीएस, पैसे देतानाच कापायचा टॅक्स. ५० लाख किंवा त्याच्या वरच्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का कापून इन्कम टॅक्सला भरायचा असतो, आम्ही तेव्हा २६ क्यूबी नावाचा फॉर्म भरून भरला. आम्हाला नानांनी आधीच सांगितलं होतं, काकांनाही सांगितलं होतं, पण काका ऐकून विसरले. रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात, आमचा नंबर यायच्या आधी, चेकची बेरीज केली तर ५४ हजार कमी. काकांचा चेहरा लाल. तोवर इतकं गोड चाललेलं, आणि एकदम म्हणाले की तुमच्यासारख्या लोकांकडून ही अपेक्षा नव्हती. सासरे कावरेबावरे, मी तर उठून उभीच राहिले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. नानांनी काकांना बाहेरच्या बाकावर नेलं, बिस्किटाचा पुडा फोडला, मोबाईलवर चलन उघडलं आणि काकांना त्यांचाच पॅन नंबर मोठ्याने वाचायला लावला. एकेक अक्षर. "हा कोणाचा पॅन? तुमचा. पैसे कोणाच्या नावावर जमा? तुमच्या. रिटर्न भरताना टॅक्स जेवढा निघेल त्यातून वजा होतील, जास्तीचे परत येतील. ताईंनी एक रुपया ठेवला नाही." काकांनी चलन परत एकदा वाचलं, दोन बिस्किटं खाल्ली आणि आत येऊन सासऱ्यांना म्हणाले, चला, अंगठा देऊन टाकू. फोटो काढताना ते हसले पण. रजिस्ट्रेशन फी ३० हजार, ती १ टक्का असते पण ३० हजाराच्या वर जात नाही, हे मात्र कोणाला समजवावं लागलं नाही.

तिसरे ५४ हजार नानांचे. १ टक्का. बाकी एजंट आम्हाला २ टक्के सांगत होते, आणि त्यात टेप नाही, टँकर नाही, बिस्किटं नाहीत. नवऱ्याने सवयीप्रमाणे ५० राऊंड फिगर करा म्हणून बघितलं, तर नाना म्हणाले एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही, पावती देतो. घासाघीस होत नाही त्यांच्याकडे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

भाड्याच्या कामालाही त्यांना वापरलंय. माझा मावसभाऊ इंजिनीअरिंगला आला, तीन पोरं मिळून रूम बघत होती. कॉलेज रोड, गंगापूर रोडला बॅचलर म्हटलं की सोसायटीवाले दार लावतात, जसं काही यांच्या घरातली पोरं पुण्याला शिकायला जातच नाहीत. नाना सेक्रेटरीशी बोलले आणि पोरांसमोर नियम ठरवून घेतले, रात्री किती वाजता गेट, गाड्या किती, पाहुणे किती. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलं, आधारवर अंगठा देऊन घरबसल्या होतं, पोलीस व्हेरिफिकेशन केलं. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवू म्हणणाऱ्या मालकाला सांगितलं की अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, उद्या भांडण झालं तर भाडेकरू जे म्हणेल ते धरतात. मालक लगेच तयार. पोरांकडून अर्ध्या महिन्याचं भाडं घेतलं ब्रोकरेज म्हणून, नेहमी पूर्ण महिन्याचं असतं. बदल्यात पोरांना गणपतीत मंडळात राबवलं, ते वेगळं. मावसभाऊ आता ढोल वाजवतो, अभ्यासाचं माहीत नाही.

मंडळ, रहाड, रथ हे नानांचं खरं आयुष्य आहे, एजन्सी जोडधंदा वाटावा इतपत. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. आणि रंगपंचमीला जुन्या गावात पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात, म्हणजे दगडी बांधणीचे मोठे हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यावरून रिक्षा जातात आणि खाली काय आहे ते पत्ता लागत नाही. आधी उकरायच्या, साफ करायच्या, रंग उकळून टाकायचा, पूजा, आणि मग धप्पा. उडी मारली की पाणी काठावरच्या सगळ्यांच्या अंगावर. नानांचं बालपण जुन्या गावातल्या वाड्यात गेलं, ते आजही रहाड उकरायला फावडं घेऊन हजर असतात. त्यामुळे कुठल्या वाड्यात किती वाटेकरी, कोणाचा कोर्टात दावा, कुठला भाडेकरू कधीपासून बसलाय, हे त्यांना सातबारा न बघता माहीत. एकाने जुन्या गावातली स्वस्त जागा म्हणून आमच्या दिराला गळ घातली होती, नानांनी फक्त विचारलं कुठला वाडा, आणि मग म्हणाले सह्या करायला किती जणांना बोलावणार ते विचारा आधी, त्यातले दोन अमेरिकेत आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आता तक्रारी, त्या पण आहेत, आणि बारीक नाहीत.

सकाळी नऊच्या आत फोन लागत नाही, सायकल. रंगपंचमीच्या आठवड्यात अजिबात लागत नाही, आणि रामनवमीनंतर कामदा एकादशीला रामरथ-गरुडरथ निघतो त्या दिवशी तर गाळ्याला कुलूप. आमचं लोन सँक्शन नेमकं रंगपंचमीच्या आसपास आलं आणि बँक एक कागद मागत होती, नाना गायब. दुसऱ्या दिवशी आले ते कानामागे, नखात, सगळीकडे रंग, त्याच अवतारात बँकेत. कागद दिला पण आमचा जीव टांगणीला लागलाच ना.

फोटो पाठवत नाहीत. फ्लॅटचा फोटो मागितला की म्हणतात फोटोत ओल दिसत नाही, येऊन बघा. मुद्दा बरोबर आहे, पण नोकरी करणाऱ्या बाईने प्रत्येक फ्लॅट येऊन कधी बघायचा? ज्यांना पुण्या-मुंबईत बसून नाशिकमध्ये घर शोधायचंय त्यांनी नानांच्या नादी लागू नये.

नाशिकरोड, देवळाली, उपनगर बाजूचं त्यांना फारसं माहीत नाही आणि ते मान्यही करतात. पण गंगापूर रोडच्या टॉवरबद्दल जे बोलतात तो सरळ आकस आहे. आमच्या ऑफिसातली एक जण तिथे मजेत राहते, नाना तिला भेटले तेव्हा तिच्याच घराबद्दल तिलाच वाईट सांगत होते. पंचवटीचा माणूस पंचवटीच विकणार, हे डोक्यात ठेवून जा.

आणि व्हॉइस नोट. देवा. साधं "काका गुरुवारी येतायत" हे सांगायला चार मिनिटांची नोट, त्यात आधी हवामान, मग काल रात्री ऐकलेलं व्याख्यान, मग रस्त्यात भेटलेल्या कोणाच्या मुलीचं ठरलं, मागे हॉर्न आणि ढोल, आणि शेवटच्या सेकंदाला वार. अर्धवट ऐकून बंद केली की कामाचं नेमकं राहतं. स्पीड वाढवून ऐकली तरी संपत नाही. एक स्टार कापलाय तो याच्यासाठी, नवरा म्हणतो दीड काप.

पंचवटी, मखमलाबाद, म्हसरूळ, हिरावाडी, आडगाव नाका या पट्ट्यात स्वतः राहायला घर हवं असेल तर जा. गुंतवणूक म्हणून घेऊन दोन वर्षात फिरवायचं असेल तर ते तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील. पंचवटी कारंजावर कोणालाही सायकलवाले नाना विचारा, गाळा दाखवतील. दहाच्या पुढे जा, सोबत घरातलं म्हातारं माणूस न्या म्हणजे काम लवकर होतं, आणि ब्रोकरेजवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.